महानगराचे दप्तर आणि साहित्याचा अभ्यासक : मुंबईतील स्थानिक सार्वजनिक अभिलेखांचा शोध व मागणी

बा. सी. मर्ढेकर यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा आरोप होऊन कवीवर खटला भरण्यात आला आणि त्यातून ते निर्दोष सुटले, ही घटना मराठी नवकाव्याच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तिची तुलना त्याच दशकातील इस्मत चुगताई आणि सआदत हसन मंटो यांच्यावरील खटल्यांशी करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशी तुलना केवळ आठवणी व समीक्षालेख यांच्या आधारे केली, तर ती साहित्यिकांच्या साक्षीपुरती मर्यादित राहते. आरोप कोणी केला, शासनाच्या कोणत्या विभागाने कारवाई सुचवली, कोणत्या कलमाचा आधार घेतला, प्रती कोठे जप्त झाल्या, या प्रश्नांची उत्तरे साहित्याच्या कपाटात नसतात. ती असलीच तर दप्तरात असतात. आणि दप्तर ज्या अधिकारक्षेत्रात कारवाई झाली तेथे तयार होते, लेखक जेथे राहत होता तेथे नव्हे. इस्मत चुगताई आणि मंटो यांचे वास्तव्य मुंबईत असताना ‘लिहाफ’ आणि ‘बू’ या कथांबद्दलची न्यायालयीन कारवाई लाहोरमध्ये झाली. मुंबईच्या न्यायालयात त्या खटल्यांचे कागद शोधणारा अभ्यासक कितीही चिकाटीचा असला, तरी त्याचा प्रवास चुकीच्या दिशेने सुरू झालेला असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मुंबई शहरातील स्थानिक सार्वजनिक अभिलेख कसे शोधावेत आणि त्यांची मागणी कशी करावी, हा आहे. मुंबई निवडण्याचे कारण उघड आहे. मराठी, गुजराती, उर्दू, कोकणी, हिंदी व इंग्रजी या भाषांची मुद्रणालये, नाटकगृहे आणि वृत्तपत्रे ज्या एकाच प्रशासनाखाली दीर्घकाळ नांदली, असे हे शहर आहे. साहित्येतिहासांनी भाषावार वाटून टाकलेले जीवन येथील दप्तरांत पुष्कळदा एकाच नोंदवहीत आढळते.

अभिलेखाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावयास हवी. सार्वजनिक अभिलेख साहित्याच्या वर्गवारीने रचलेला नसतो. ‘कवी’, ‘नाटककार’, ‘शाहीर’ असे रकाने कोणत्याही कार्यालयात नसतात. तेथे मुद्रक असतो, परवानाधारक असतो, भाडेकरू, मृत व्यक्ती, विश्वस्त, आरोपी वा अर्जदार असतो. म्हणून ‘अमुक लेखकाविषयी काय उपलब्ध आहे?’ हा प्रश्न दप्तराला विचारून उपयोग नाही. त्या लेखकाच्या जीवनातील अथवा कृतीच्या प्रवासातील कोणत्या प्रसंगी एखाद्या कार्यालयाला कायद्याने नोंद करावी लागली, हे आधी ठरवावे लागते. प्रसंग सापडला की कायदा सापडतो; कायदा सापडला की नोंदवहीचे नाव आणि ती सांभाळणारा अधिकारी सापडतो.

मुद्रणाची नोंद

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाखाली प्रसिद्ध होत गेलेल्या त्रैमासिक ग्रंथसूची. या कायद्याने प्रत्येक मुद्रित पुस्तकाच्या प्रती शासनाकडे देणे मुद्रकावर बंधनकारक केले आणि त्यांची यादी राजपत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. शीर्षक, भाषा, लेखक वा अनुवादक, विषय, मुद्रण व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक व प्रकाशक यांची नावे, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रती, शिळाप्रेस की खिळाप्रेस, किंमत आणि स्वामित्वहक्क धारण करणाऱ्याचे नाव व पत्ता एवढा तपशील त्यात येतो. एखाद्या गुजराती नाटकाचे मराठी रूपांतर मूळ कृतीनंतर किती दिवसांनी आणि किती प्रतींनी निघाले, हे या यादीवरून काही मिनिटांत तपासता येते. तौलनिक अभ्यासासाठी याहून सोयीचे साधन क्वचितच असेल.

मात्र ही यादी वाचताना दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की प्रतींची संख्या मुद्रकाने स्वतः सांगितलेली असते. ती छपाईची घोषणा आहे, विक्रीचा पुरावा नव्हे. दुसरी सूचना भूगोलाची आहे. मुंबई इलाख्याच्या सूचीत अहमदाबाद, धारवाड, बेळगाव आणि १९३६ पर्यंत कराची येथील मुद्रण येते. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ही संस्थाने तिच्या बाहेर होती. नागपूर मध्य प्रांतात होते आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात. मराठी भाषेचा प्रदेश आणि मुंबईच्या दप्तराचा प्रदेश हे कधीच एक नव्हते. हैदराबाद वा बडोदे येथील मराठी पुस्तक मुंबईच्या सूचीत सापडले नाही, म्हणून ते छापलेच गेले नाही असा निष्कर्ष काढणे हा अभ्यासदोष होय; आणि तो दुर्मीळ आहे असे म्हणता येत नाही.

१८६७ चा हा कायदा नियतकालिकांच्या नोंदणीसंबंधी २०२३ साली झालेल्या नव्या अधिनियमाने रद्द झाला. नवा अधिनियम १ मार्च २०२४ पासून अमलात आला असून त्याच्या कक्षेत पुस्तके नाहीत. पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्यानुसार कायम आहे. या कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयासह ज्या चार ग्रंथालयांना पुस्तके मिळतात, त्यांत मुंबईचे एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय आहे. परंतु प्रतसंख्या आणि स्वामित्वहक्क यांसह पुस्तकाची नोंद ठेवणारी, दीडशतकाहून अधिक काळाची कायदेशीर चौकट संपली, याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी जितकी घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही.

तीन दारे

अभिलेख मागण्याची तीन दारे आहेत. पहिले पुरालेखागाराचे, दुसरे विशिष्ट कायद्याने दिलेल्या प्रवेशाचे आणि तिसरे २००५ च्या माहितीच्या अधिकाराचे. अलीकडचे अभ्यासक पुष्कळदा थेट तिसऱ्या दारावर जाऊन थडकतात. वास्तविक पहिली दोन बंद आहेत याची खात्री झाल्यावरच तेथे जाणे श्रेयस्कर, कारण पहिल्या दोन दारांतून मिळणारे कागद अधिक लवकर आणि पुष्कळदा अधिक पूर्ण स्वरूपात मिळतात.

मुंबईच्या सचिवालयाचे अभिलेख कार्यालय माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२१ साली स्थापन झाले. आजच्या महाराष्ट्र राज्य पुरालेखागाराचा उगम त्यात आहे. इलाख्याच्या गृह, न्याय, शिक्षण, सामान्य इत्यादी विभागांच्या नस्त्या आणि देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे येथे पाहावयास मिळतात. या गोषवाऱ्यांची मालिका १८६८ च्या सुमारास सुरू होते. ज्या वृत्तपत्रांचे मूळ अंक नष्ट झाले, त्यांचा आवाज कधीकधी केवळ या गोषवाऱ्यांतून उरला आहे. अर्थात तो अनुवादकाच्या आणि सरकारी भीतीच्या गाळणीतून आलेला आवाज आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर १९१० साली बंदी आली, ती १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याखाली. अशा प्रकरणाचा माग घेताना ‘नाटक’ या शब्दाऐवजी त्या कायद्याचे नाव, वर्ष आणि विभाग या क्रमाने सूची चाळावी लागते.

पुरालेखागारात प्रवेशासाठी संशोधनाचा हेतू सांगावा लागतो; विद्यापीठाचे परिचयपत्र, विषय आणि कालखंड नमूद करावा लागतो. येथे विषय जितका नेमका, तितके सहकार्य अधिक. ‘मराठी रंगभूमी’ या विषयापेक्षा ‘१९०५ ते १९१५ या काळातील नाट्यप्रयोगांवरील नियंत्रण, न्याय व गृह विभाग’ असे लिहिणाऱ्याला सूचीचा योग्य खंड हाती पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

दुसऱ्या दाराची माहिती अभ्यासकांमध्ये सर्वांत कमी आढळते. अनेक कायद्यांनी कोणत्याही व्यक्तीला नोंदवही पाहण्याचा किंवा उतारा घेण्याचा स्वतंत्र हक्क दिलेला आहे. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार ठरावीक शुल्क भरून नोंदीचा शोध घेववता येतो व प्रमाणपत्र मिळवता येते. मृत्यूच्या प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही. साहित्याच्या अभ्यासकाला मृत्युदिनांकाची गरज केवळ चरित्रासाठी नसते. १९५७ च्या कायद्याखालील स्वामित्वहक्काची ६० वर्षांची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून मोजली जाते. मर्ढेकरांचे निधन १९५६ सालचे. त्यांच्या कविता २०१७ च्या आरंभापासून मुक्त आहेत. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ सालचे असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क २०२९ अखेरपर्यंत टिकतो. कमी परिचित लेखकाच्या बाबतीत एका वर्षाच्या फरकाने अनुवादाची परवानगी लागणार की नाही, हे ठरू शकते.

मुंबईत ही नोंद महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. येथे बहुतेकांची गफलत होते. मृत्यूची नोंद मृत व्यक्तीच्या घराच्या विभागात नव्हे, तर मृत्यू जेथे घडला त्या विभागात होते. गिरगावात आयुष्य काढलेला लेखक परळच्या के. ई. एम. रुग्णालयात वारला असेल, तर नोंद एफ दक्षिण विभागात शोधावी लागेल, डी विभागात नाही. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव अनेकदा कोरे असते. शोध वडिलांच्या नावावरून व दिनांकावरून करावा लागतो. लेखनातील टोपणनाव येथे निरुपयोगी आहे. शिवाय वांद्रे, पार्ले, अंधेरी ही उपनगरे १९५० साली आणि त्यापलीकडची दहिसर-मुलुंडपर्यंतची वस्ती १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आली. त्याआधीच्या नोंदींचा आरंभ निराळ्या स्थानिक संस्थांच्या दप्तरात झालेला असतो, हे अर्जातच नमूद केलेले बरे. रस्त्यांची नावेही बदललेली आहेत. ‘गिरगाव बॅक रोड’ आज विठ्ठलभाई पटेल मार्ग आहे, ‘सँडहर्स्ट रोड’ सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. जुना पत्ता नव्या नावासह दिला नाही, तर कारकुनाने ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारला तर त्याला दोष देता येणार नाही.

मालमत्तेच्या दस्तांचेही असेच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कोणासही पाहता येते. मृत्युपत्रांचे पुस्तक क्रमांक ३. त्यातील नोंदींच्या प्रती मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतरच इतरांना मिळतात. मुंबई शहरात केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना दीर्घकाळ उच्च न्यायालयाचे प्रोबेट लागत असे; त्यामुळे लेखकाचे हस्तलिखित व स्वामित्वहक्क कोणाकडे गेले, याचा पत्ता कधी उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक शाखेत लागतो. जमिनीचा शोध घेताना मूळ शहरात कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांक आणि उपनगरांत सी. टी. एस. क्रमांक चालतो; दोहोंची गल्लत केल्यास मिळकत पत्रिका भलत्याच इमारतीची हाती येते.

साहित्यसंस्थांच्या घटना, विश्वस्तांतील बदल व हिशेब यांसाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय पाहावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ सालच्या संस्थेचे संस्थात्मक जीवन सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या चौकटीत येते आणि त्या नोंदवहीचे उतारे मिळवण्याची रीत त्या कायद्यातच आहे. रस्त्याला वा चौकाला साहित्यिकाचे नाव देण्याचे ठराव महानगरपालिका चिटणीसांच्या खात्यात असतात. कोणत्या भाषेच्या लेखकांची नावे शहराने कधी व कोणाच्या सूचनेवरून स्वीकारली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

न्यायालयीन कागदांबाबत एक निर्णय ध्यानात ठेवावा. उच्च न्यायालयाच्या न्यायिक अभिलेखांच्या प्रती त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा मार्ग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्रयस्थाने कारण देऊन रीतसर अर्ज करावयाचा असतो.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज

उरलेल्या चालू कार्यालयीन नस्त्यांसाठी तिसरे दार आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले. त्याचे प्रमाणपत्र काढून घेण्यात आले, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात नाटकवाल्यांची बाजू सांगितली आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची बाजू मात्र मंडळाच्या टिपणीत असणार. या मंडळाकडे प्रयोगापूर्वी संहिता सादर करावी लागते. ती संहिता आणि पुढे छापलेली संहिता यांतील अंतर अनुवादकाला व तौलनिक अभ्यासकाला सारखेच महत्त्वाचे आहे.

अशा वेळी ‘१९६० ते १९८० या काळात मराठी नाटकांवर घातलेल्या बंदीची सर्व माहिती द्यावी व बंदीची कारणे स्पष्ट करावीत’ असा अर्ज जवळजवळ हमखास फसतो. ‘बंदी’ हा साहित्यिकांचा शब्द आहे; कार्यालयात प्रमाणपत्र नाकारले जाते, रद्द होते किंवा वगळण्याच्या सूचना दिल्या जातात. जे कागदावर नाही त्याची कारणे तयार करून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हा मुद्दा निर्विवाद केला. त्याऐवजी अर्ज असा असावा : ‘‘सखाराम बाइंडर’ या नाटकाच्या प्रमाणपत्रासंबंधीच्या १९७२ ते १९७४ या काळातील नस्तीचा टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांचे निरीक्षण करू द्यावे व निवडलेल्या पृष्ठांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. नस्ती उपलब्ध नसल्यास ती पुरालेखागाराकडे हस्तांतरित केल्याची अथवा नष्ट केल्याची नोंद असलेल्या नोंदवहीच्या पृष्ठाची प्रत द्यावी.’ यातील दुसरे वाक्य पहिल्याइतकेच मोलाचे आहे. राज्याच्या कार्यालयांत नस्त्यांचे वर्ग पाडलेले असतात; ‘अ’ वर्ग कायम जतनाचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा आणि त्याखालील वर्ग त्याहून अल्प मुदतीचे. मुदत संपली की निंदणीकरण होते. एका नाटकाची नस्ती कोणत्या वर्गात घातली गेली, यावर साहित्येतिहासातील एक प्रकरण लिहिले जाणार की नाही हे अवलंबून असते. आणि तो वर्ग ठरवणाऱ्या लिपिकापुढे साहित्येतिहास नसतो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, १० रुपये शुल्कासह, एकाच विषयावर आणि सामान्यतः १५० शब्दांत करावा लागतो. न्यायालय शुल्क मुद्रांक त्या राज्याचाच हवा. त्यामुळे दिल्ली, वाराणसी वा हैदराबाद येथील अभ्यासकाला धनाकर्ष किंवा राज्याची ऑनलाइन सोय अधिक सोयीची. अर्ज इंग्रजी, हिंदी वा मराठीत करता येतो. हा हक्क नागरिकाचा आहे. म्हणून विभागप्रमुखाच्या शिक्क्याने नव्हे, तर व्यक्तीच्या नावाने अर्ज करावा. परदेशी नागरिक असलेल्या संशोधकाला हा मार्ग नाही, त्याला पुरालेखागाराचाच आश्रय घ्यावा लागतो. पुरालेखागारात हेतू सांगणे आवश्यक, तर येथे कलम ६(२) नुसार हेतू विचारताच येत नाही. संशोधनाची प्रस्तावना अर्जात उतरवण्याची विद्यापीठीय सवय येथे अपायकारकच ठरते, कारण नेमकी मागणी तिच्यात बुडून जाते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांत प्रथम अपील आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.

नकाराचे सर्वांत प्रचलित कारण म्हणजे ‘वैयक्तिक माहिती’. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि या कलमातील पूर्वीच्या मर्यादा गळून अपवाद विस्तृत झाला. हयात लेखक वा अलीकडील संस्था यांच्यासंबंधीचे काम यामुळे अवघड झाले आहे, यात शंका नाही. सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येईल हे सांगणारे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते सिद्ध करण्याचा भार व्यवहारात अर्जदारावरच येतो. साहित्येतिहासकाराने मात्र कलम ८(३) विसरू नये. अर्जाच्या दिनांकापूर्वी २० वर्षे घडून गेलेल्या घटनेसंबंधीची माहिती देताना देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांसंबंधीचे अपवादच लागू राहतात. वैयक्तिक माहितीचा अपवाद त्यांत येत नाही. १९७२ च्या नस्तीबद्दल खासगीपणाचे कारण पुढे आले, तर प्रथम अपिलात हे एकच कलम उद्धृत करणे पुरेसे सबळ आहे.

‘नस्ती सापडत नाही’ हे उत्तर निराळे आहे. अभिलेख न सापडणे हा कायद्यात दिलेला अपवाद नाही, कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा अपिलात शोधाचा अहवाल मागावा. हस्तांतराची यादी मिळाली, तर नस्तीचा नवा क्रमांक घेऊन पुन्हा पुरालेखागाराच्या दारात जाता येते. नष्ट केल्याची नोंद मिळाली, तर तिचा दिनांक आणि आदेश क्रमांक प्रबंधात साधन म्हणून नमूद करावा. आणि दोन्हींपैकी काहीच नाही असे लेखी उत्तर आले, तर त्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक तळटीपेत द्यावा, म्हणजे पुढील अभ्यासकाला तोच अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.